बिल्ला टांगेपर्यंत

२० फेब्रुवारी, गुरुवार

चार पानं कोरी गेली. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. सेठ दर दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर एक डायरी देतो. मिठाई घरचे खातात, डायरी माझ्या वाट्याला येते. मशीन कुठे अडलं, ऊन किती होतं, एवढंच मी लिहीत आलो. आज लिहायला बसलो तर मशीनच बंद आहे.

जे झालं ते लिहून टाकतो. रविवारी, सोळा तारखेला, सिंदीच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीत कापसाची गंजी कोसळली. कापूस ओढणारा पाईप गंजीच्या बुडाशी लावावा लागतो. बूड पोखरत जातं, वरचा कापूस तसाच लटकून राहतो आणि एखाद्या वेळी सगळा खाली बसतो. पाईपवर माझ्याबरोबर काम करणारा रोशन होता. तो गेला. बत्तीस वर्षांचा होता.

पाळी माझी होती. आम्ही दोघांनी आपसात बदलली होती, वर कोणाला न विचारता. हजेरीला कार्ड माझंच लागलं होतं. हे आम्ही सगळेच करतो. कार्ड कोणाचं आणि माणूस कोण, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. साहेबाला कळलं तर सीझनचं काम जातं, म्हणून कोणी बोलत नाही.

त्या दिवशी संकष्टी होती. मी केळझरच्या गणपतीला जाणार म्हणून पाळी बदललेली. त्यामुळे जो येतो तो म्हणतो, "गणपतीनं वाचवलं तुमाले, नागेशभाऊ." मी हात जोडतो. माझी बायको ज्योत्स्ना तसं म्हणत नाही. माझ्यापुढे ताट ठेवते आणि ओट्यावर जाऊन बसते. नंतर कधीतरी एकटीच जेवते.

मला काही वाटत नाही. रडू येत नाही, भूक लागते, झोपही लागते. दात काढताना सुई देतात, मग गाल आपला राहत नाही, तसा मी सगळाच आहे. फोनचा आवाज बंद करून ठेवला आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रोशनच्या घरी गेलो. दोन गल्ल्या टाकून घर आहे, त्याला जिनिंगमध्ये लावला तोही मीच. त्याची आई देवकाबाई भिंतीला टेकून बसली होती. चार वर्षांची परी माझ्या चपला घालून अंगणात फिरत होती.

रूपाली, त्याची बायको, समोर येऊन उभी राहिली. "भाऊजी, मीच म्हटलं होतं त्याईले. तेवीस तारखेले माह्या बहिणीचं साक्षगंध हाये, तो रविवार मोकळा ठेवा. म्हणूनच सोळाची तुमची पाळी त्याईनं केली न? तेवीसची तुमी करणार होते म्हणून?"

देवकाबाई माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली.

का हलवली ते कळलं नाही. हो म्हणायला तोंड उघडावं लागतं, मान हलवायला काहीच लागत नाही. खरं इतकंच आहे की रोशननं काही मागितलं नव्हतं. शनिवारी फाटकापाशी मीच म्हणालो, "उद्याची माही पाळी पाहून घेजो, मले केळझरले जाचं हाये." तो म्हणाला, "जा न भाऊ. माह्या नावानं एक नारळ फोडजा." साखरपुड्याचं नावसुद्धा निघालं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चौकशीचे साहेब आले. टेबलावर पंखा, पंख्याखाली कागद, कागदावर दगड. विचारलं, "पाळी बदलायचं कोणी म्हटलं?" मी घसा साफ करेपर्यंत आमचा सुपरवायझर धर्मेंद्र म्हणाला, "रोशनच्या घरी कार्यक्रम होता साहेब, त्याले सुट्टी पाह्यजे होती." साहेबांनी तसं लिहिलं. मी सही केली. सही चांगली आली.

जिनिंग बंद आहे. दुपारी पाळीच्या वेळेला उठून डबा मागितला. ज्योत्स्ना म्हणाली, "कुठं जाऊन राह्यले?" मग पुन्हा बसलो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रोशनची तेरवी, तेरावा दिवस. वरण, भात, वडे, बुंदी. मी वडे दोनदा घेतले. दुसऱ्यांदा देवकाबाईनं स्वतःच्या हातानं वाढले. म्हणाली, "खा बाप्पा, तो बी तुह्याच पंगतीले बसे."

पंगती उठल्यावर तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. होळी झाली की रूपालीनं माहेरी, पिपरी मेघेला जायचं. परी इथंच राहणार. "जिनं माह्या पोराले सणासमारंभासाठी मरणाच्या दारी पाठवलं, तिचं तोंड मी रोज सकाळी पाहू शकत नाई." रूपाली पत्रावळ्या उचलत होती. उचलतच राहिली. तिला स्वतःलाच ते पटलेलं दिसलं.

मी एक वाक्य बोललो असतो तर तिथंच मिटत होतं, हे मला समजतं. समजणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. दोन्हीच्या मध्ये कापूस भरल्यासारखं झालं आहे.

घरी येताना ज्योत्स्ना म्हणाली, "तुमाले काही सांगाचं हाये का कोणाले?" मी म्हणालो, "कायचं?" ती पुढे निघून गेली. बायकांना तेरवीला उगाच काहीतरी सुचतं.

४ मार्च, मंगळवार

काही नाही. ऊन वाढलं.

६ मार्च, गुरुवार

ज्योत्स्नाच्या बचत गटाची सहल होती. यंदा बोरटेकडीचं भुयार बघायचं ठरलं होतं. "तुमी बी चला," ती म्हणाली. मी कशाला म्हणालो, तर म्हणाली, "घरात बसून करता काय?" मी चपला घातल्या.

वाटेत केळझरला गाडी थांबली. गटाच्या अध्यक्ष कौशल्याबाई यांना देवापुढेही अध्यक्षपद लागतं, त्यांनी मला हाताला धरून पुढे काढलं. "तुमी तर त्या दिवशी आलते न भाऊजी, संकष्टीले? गर्दी होती का लय?"

"होती," मी म्हणालो.

मी त्या दिवशी केळझरला गेलो नव्हतो. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. ऊन होतं, जेवण झालं होतं, अंग जड झालं, कूलर लावून झोपलो. पायऱ्यांपाशी नारळांचा ढीग होता. तो पाहून गाडीत परत येऊन बसलो. ज्योत्स्नानं मला जाताना पाहिलं, हाक मारली नाही.

भुयार म्हणजे टेकडीच्या पोटातली लांबलचक खोली, तिला आणखी खोल्या. मोठ्या लढाईच्या काळात इंग्रजांनी दारूगोळा ठेवायला खोदून घेतलं. लढाई संपली, साहेब गेले, वटवाघळं राहिली. आता दिवे लावले आहेत. दारात इंग्रज साहेबाचा पुतळा आहे. तो कोणा गणपती करणाऱ्या मूर्तिकाराकडून करून घेतला असावा, साहेबाचं पोट आणि डोळे दोन्ही प्रेमळ आहेत. बायकांनी त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले.

गाइड रूपराव उईके. साठीचा, काटक, पायात गमबूट. त्याच्या आज्यानं हेच भुयार खोदलं. दारापाशी फळी आहे, तिच्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला पितळेचा नंबर घातलेला बिल्ला. आत जाताना बिल्ला काढून खिशात टाकायचा, बाहेर आलं की आपल्या हातानं परत टांगायचा. तेव्हा मजुरांसाठी हीच पद्धत होती, आता गंमत म्हणून लोकांना करायला लावतात. रूपराव मात्र गंमत म्हणून सांगत नाही. "खिळा मोकळा तं माणूस आत. इथं दुसरा हिशेब नाई."

मधल्या खोलीत त्यानं सगळ्यांना उभं केलं आणि एक मिनिट दिवे घालवले. आधी बायका किंचाळल्या, मग हसल्या, मग बांगड्यासुद्धा वाजेनात. डोळे उघडे की मिटलेले, कळत नव्हतं. मला बरं वाटलं. वीस दिवसांत पहिल्यांदा आत आणि बाहेर एकसारखं होतं.

दिवे आल्यावर त्यानं एका बुजलेल्या तोंडाकडे बॅटरी मारली. तिथं छत बसलं होतं. सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला त्याच्या आज्याचा, सोम्याचा. पण त्या दिवशी सोम्याला ताप होता की आळस, देव जाणे, बिल्ला घेऊन धाकटा भाऊ लखू आत गेला. तो दबला. मुनशीनं वहीत लिहिलं, सोमा मेला. दुसऱ्याच्या बिल्ल्यावर माणूस पाठवला हे सांगावं तर काम जाणार, वर मार बसणार. म्हणून सोमा लखू होऊन राहिला.

"म्हातारा होऊन मेला, तरी लखूच," रूपराव म्हणाला. "साऱ्या गावाले मालूम होतं. त्याच्या मायले तर पह्यल्या दिवसापासून मालूम. आपलं पोरगं वळखू येत नाई का? पण ती म्हणे, तो आपल्या तोंडानं सांगन. ती वाट पाहत राह्यली. तो काही बोललाच नाई."

"मंग तिनं काऊन नाई विचारलं?" ज्योत्स्नानं विचारलं.

"विचारून काढलेलं काय कामाचं, बाई?"

गोष्ट ठीक होती. सांगून सांगून त्याला पाठ झाली असणार. येताना गाडीत बायका अंताक्षरी खेळल्या. ज्योत्स्ना खेळली नाही, खिडकीतून बघत होती. तिला गाडी लागते.

८ मार्च, शनिवार

काय काय झालं ते क्रमानं लिहितो.

दुपारी एकटाच भुयाराला गेलो. ज्योत्स्नाला म्हणालो, बाजारात काम आहे. मला फक्त तो एक मिनिटाचा अंधार हवा होता. एका शाळेची सहल होती, तिच्यात शिरलो. वहीत नाव आणि फोन नंबर लिहिला, बिल्ला घेतला, एकशे बारा. दिवे गेले. मिनिट संपलं आणि पोरं ओरडली. बाहेर येताना रूपराव पोरांना रांगेत लावत होता, मी बाजूनं निघालो आणि गाडीला किक मारली. बिल्ला खिशातच राहिला.

संध्याकाळी सात वाजता जेवायला बसताना शर्ट काढला तर बिल्ला फरशीवर पडला. आवाज मोठा झाला. ज्योत्स्नानं उचलून नंबर वाचला. "फोन पाहा," ती म्हणाली. पाहिला. एकाच अनोळखी नंबरावरून सव्वीस वेळा फोन आला होता.

"लावा."

"सकाळी जाऊन देऊन येईन. आता काय सांगू? तो बोलन."

तिनं माझ्या हातातून फोन घेतला, स्वतः लावला आणि माझ्या कानाशी धरला. पलीकडे बाई होती, रूपरावची बायको. म्हणाली, "तुमीच का ते नागेशभाऊ? आवं, ते तं दोन घंट्यापासून भुयारात हाये, तुमाले शोधून राह्यले. दोनदा बाहेर आले, पुन्हा गेले. तुमी हाये कुठं?"

मी म्हणालो, "मी घरीच हावो."

फोन ठेवला. ज्योत्स्ना माझ्यासमोर उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी बी हेच म्हटलं होतं तुमी. याच जागी बसून."

म्हणजे तिनं ऐकलं होतं. मला वाटत होतं ती मागच्या अंगणात होती.

आता लिहिलंच पाहिजे. सोळा तारखेला चार वाजून बारा मिनिटांनी धर्मेंद्रचा फोन आला. फोनमध्ये नोंद अजून आहे, मी पुसलेली नाही. तो ओरडत होता, गंजी बसली, तुझं कार्ड लागलं आहे, तू कुठे आहेस. मागे माझ्या नावानं हाका चालू होत्या. नागेश, नागेशभाऊ. माणसं हातानं कापूस उपसत होती. मी झोपेतून उठून म्हणालो, "मी घरीच हावो." तो म्हणाला, "मंग ठीक हाये, आत कोणी नाई." कार्ड लावून मी घरी पळालो, असं त्याला वाटलं असणार. त्यानं लोकांना थांबवलं. कापूसच बाजूला करायचा तर जेसीबी येऊ दे, कशाला जीव काढता, असं म्हणाला. ते मला फोनवर ऐकू आलं.

मी रोशनचं नाव सांगितलं नाही. आधी वाटलं, तो चहाला गेला असेल. मग वाटलं, आता सांगितलं तर बदली उघडी पडेल. काय सांगावं हे जुळवत खाटेवर बसलो. तोंड धुतलं. चार एकतीसला मी उलट फोन केला आणि म्हणालो, रोशन होता. एकोणीस मिनिटं.

डॉक्टर म्हणाले, लगेच गेला असेल. असेल. मी विचारलं नाही की लगेच म्हणजे किती.

९ मार्च, रविवार

सकाळी बिल्ला द्यायला गेलो. रूपराव दारात स्टुलावर बसला होता, गुडघ्याला फडकं बांधलं होतं. घसा बसला होता. तो बोलेल असं मला वाटलं होतं. त्यानं फक्त फळीकडे बोट केलं. मी एकशे बारा नंबरच्या खिळ्याला बिल्ला टांगला.

"गाडी तं दिसत नव्हती माही बाहेर," मी म्हणालो. "मंग समजलं नाई का, की हा माणूस गेला?"

"समजलं न. पण खिळा मोकळा होता."

"म्हणून गुडघा फोडून घेतला?"

"माह्या आज्यानं त्या दिवशी तोंड उघडलं नाई," तो म्हणाला. "लखूले कोणी हाक नाई मारली, भाऊ. साऱ्याईनं सोम्याले हाका मारल्या. सोमा तं भाईर उभा होता. आतल्यानं कोणाच्या नावाले ओ द्यावी?"

मी खाली बसलो. रोशननं माझ्या नावाच्या हाका ऐकल्या असतील. सगळे नागेश नागेश करत होते. मग त्या हाकाही बंद झाल्या, माझ्या एका वाक्यानं. हे वीस दिवस माझ्याजवळ होतं आणि मी त्याकडे पाठ करून बसलो होतो.

रूपरावनं विचारलं नाही काय झालं म्हणून. पाणी दिलं. पर्यटक आले तेव्हा म्हणाला, "सरका थोडे, लोकाईले बिल्ले घेऊ द्या."

१२ मार्च, बुधवार

रोशनच्या घरी दोन दिवस गेलो नाही. सोमवारी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि पानटपरीवर खर्रा घेऊन परत आलो. मंगळवारी तेवढंही नाही. उद्या होळी. ज्योत्स्ना विचारणार नाही, हे आता मला कळलं आहे.

आज दुपारी गेलो. देवकाबाई सुपात तूर निवडत होती. रूपालीची थैली दाराशी भरून ठेवलेली, वर परीचा एक जुना फ्रॉक होता. पोरगी इथं राहणार आणि फ्रॉक माहेरी जाणार. ते पाहून मी उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर राहिलं असतं.

पाळी मी मागितली. केळझरला गेलो नाही, झोपलो होतो. फोन आला तेव्हा रोशनचं नाव सांगितलं नाही, आणि त्यांनी उपसणं थांबवलं.

तूर निवडणारा हात थांबला नाही. देवकाबाई म्हणाली, "किती वेळ?"

"एकोणीस मिनिटं."

"डॉक्टर म्हणे लगेच गेला."

"हो."

"तुले काय वाटते?"

"मले मालूम नाई, माय."

"माय नोको म्हणू."

रूपाली चौकटीला धरून उभी होती. "मंग साक्षगंधासाठी नाई," ती म्हणाली. मला विचारत नव्हती, स्वतःलाच सांगत होती.

"नाई. त्यानं काहीच मागतलं नव्हतं. माह्या नावानं एक नारळ फोडजा, एवढंच म्हणे. तो बी मी फोडला नाई."

ती खाली बसली आणि रडायला लागली. तेरवीलाही ती अशी रडली नव्हती, मोठ्यानं. परी धावत येऊन तिच्या मांडीत शिरली. देवकाबाईनं सूप बाजूला ठेवलं, उठली, गुडघ्यावर हात देत दाराशी गेली, थैली उचलली आणि आत नेऊन ठेवली. मग माझ्याकडे वळली.

"तेरवीले माह्या हातचं जेवला न तू?"

"हो."

"दोनदा वाढलं मी तुले."

"हो."

"जाय आता."

मी आलो. ज्योत्स्ना ओट्यावर होती. माझं तोंड पाहून काय ते समजली. उद्या होळी, साहेब काही भेटायचे नाहीत. परवा धुळवड. मग शनिवार-रविवार. सोमवारी चौकशीच्या साहेबांकडे जाऊन सही केलेला तो जबाब खोटा आहे हे लिहून द्यायचं. अर्ज आताच लिहून ठेवला आहे. काम जाईल, पोलिसांपर्यंतही जाईल बहुतेक.

मला भीती वाटते आहे. बधिर गालात जीव येताना आधी ठणका येतो, तसं सगळं अंग ठणकतं आहे.

फोनचा आवाज चालू केला आहे.